चरित्र हवे, लीळाचरित्राच्या शिस्तीचे

जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडाचा कारभार ज्या काळी नागपूरच्या सचिवालयातून चालत असे, त्या काळी भंडारा आणि छिंदवाडा हे एकाच मुलखाचे दोन जिल्हे होते. वैनगंगाकाठच्या मालगुजाराची कैफियत आणि सातपुड्याच्या पठारावरील शेतकऱ्याचा अर्ज यांची नोंद अखेर एकाच दप्तरात होई, आणि नागपूरच्या महाविद्यालयांत शिकावयास येणाऱ्या मुलांना आपण दोन परक्या प्रदेशांतून आलो आहोत असे वाटण्याचे काहीच कारण नसे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेची रेषा पडली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला, आणि सौंसर-पांढुर्ण्याकडे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारी घरे एका दिवसात सीमेपलीकडची ठरली. सरकारने आखलेली रेषा मनानेही मान्य केली, की तिच्या पलीकडची माणसे, त्यांची कर्तबगारी आणि त्यांची चरित्रे यांच्याशी आपला काही संबंध नाही अशी वृत्ती हळूहळू अंगवळणी पडते. त्या वृत्तीचे एक ठळक उदाहरण मला आज वाचकांपुढे ठेवावयाचे आहे.

त्या छिंदवाड्यात २१ मार्च १९२३ रोजी साळवे नावाच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात एक कन्या जन्मास आली. तिचे नाव निर्मला. हीच कन्या पुढे श्रीमाताजी निर्मलादेवी या नावाने युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि रशिया येथील सहस्रावधी माणसांना पूज्य झाली, तिने प्रवर्तित केलेला सहजयोग लंडनमध्ये रुजून तेथून देशोदेशी पसरला, आणि २३ फेब्रुवारी २०११ रोजी इटलीतील जेनोवा येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी तिने देह ठेवला. परदेशात इतका मोठा संप्रदाय उभा करणारी मराठी स्त्री दुसरी कोणती, असा प्रश्न विचारला तर उत्तर सहज सुचणार नाही. असे असूनही विदर्भातल्या सुशिक्षित वाचकाला तिच्याविषयी काय ठाऊक असते? तिच्या अनुयायांच्या घरी गेल्यास भिंतीवरची तसबीर, आणि तिच्या विरोधकांशी बोलल्यास दोनचार आक्षेप. मधली सारी जागा मोकळी आहे, आणि ती मोकळी राहणे हे आपल्या चरित्रवाङ्मयाला शोभणारे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न एकट्या निर्मलादेवींचा नाही. या जुन्या प्रांताने विसाव्या शतकात परदेशी जाऊन अध्यात्माची शिकवण देणारी माणसे किती दिली, याचा हिशेब कोणी मांडला तर आश्चर्य वाटावे. भावातीत ध्यानाची चळवळ जगभर नेणारे महर्षी महेश योगी यांच्या पूर्वायुष्याचे धागे जबलपूरशी जुळतात. आचार्य रजनीश गाडरवाऱ्यात वाढले आणि जबलपुरातच तत्त्वज्ञानाचे अध्यापन करीत होते. या दोघांच्याही कितीतरी आधी, १९३१ साली, आपल्या बडनेऱ्याचे शंकर गजानन पुरोहित, म्हणजेच श्री पुरोहित स्वामी, लंडनला गेले. आयरिश महाकवी येट्स यांचा त्यांना स्नेह लाभला, येट्सच्या प्रस्तावनेसह त्यांचे आत्मचरित्र १९३२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाले, आणि पुढे या दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचे जे भाषांतर केले ते १९३७ साली छापले गेले आणि अद्यापही वाचले जाते. अमरावती जिल्ह्यातील एका गृहस्थाने नोबेल पारितोषिकप्राप्त कवीच्या शेजारी बसून उपनिषदे इंग्रजीत आणावीत, आणि बडनेरा स्थानकावर गाडी बदलणाऱ्या शंभर प्रवाशांपैकी एकालाही त्यांचे नाव माहीत असू नये, ही स्थिती मला मनापासून खटकते.

निर्मलादेवींच्या चरित्राचा सर्वांत समृद्ध भाग मला त्यांच्या माहेरच्या घरात दिसतो. वडील प्रसाद साळवे हे विद्वान विधिज्ञ आणि राष्ट्रीय चळवळीतले कार्यकर्ते. घटना समितीच्या अल्पसंख्याकविषयक कामात त्यांचा सहभाग होता. आई कॉर्नेलिया सुशिक्षित आणि करारी. निर्मलेपेक्षा दोन वर्षांनी वडील असलेले बंधू म्हणजे नरेंद्रकुमार साळवे, ज्यांना आपण एन. के. पी. साळवे या नावाने ओळखतो: नागपूरचे सनदी लेखापाल, केंद्रात मंत्री, नवव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष, १९८३ साली भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा नियामक मंडळाचे अध्यक्ष आणि उत्तरायुष्यात स्वतंत्र विदर्भाच्या मागणीचे पुढारी. भावाचे नाव नागपुरातील एका वैद्यकीय महाविद्यालयाला आहे, त्यांच्या राजकारणाच्या आठवणी नागपूरकर अजून सांगतात. बहिणीचा विषय निघाला की मात्र संभाषण तेथेच थांबते. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या, बायबलाबरोबर गीता-उपनिषदांचाही परिचय असलेल्या, गांधीजींच्या सेवाग्रामशी बालपणापासून जवळीक असलेल्या या मुलीने पुढे श्रीगणेशापासून सहस्रारापर्यंतची शाक्त आणि योगपरंपरेची परिभाषा स्वीकारली, ख्रिस्ताला त्या परिभाषेत आज्ञाचक्राचे स्थान दिले, आणि तीच शिकवण युरोपातल्या ख्रिस्ती घरांत जन्मलेल्या तरुणांपुढे ठेवली. या वळणाचा विचार महाराष्ट्रात व्हावयास हवा होता, कारण या वाटेच्या उलट दिशेने गेलेल्यांचे स्मरण आपण फार आदराने जपले आहे.

नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले असता आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला, त्याने बायबल हाती दिले, आणि त्या भेटीची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यात झाली. नागपूर-राजनांदगाव हा लोहमार्ग आमच्या भंडारा जिल्ह्यातून, वरठीवरून आणि तुमसरवरून जातो. मराठी साहित्याला आणि मराठी ख्रिस्ती समाजाला वळण देणारा तो संवाद याच रुळांवर कोठे तरी घडला. त्यापूर्वी १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये धर्मांतर केले. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली म्हणून पतीच्या धर्मांतराने घराची झालेली ओढाताण, पत्नीचा कोंडमारा आणि मग दोघांचे पुन्हा एकत्र येणे हे सारे मराठी वाचकाला आपल्याच घरात घडल्याप्रमाणे कळले. साळवे कुटुंबातील मुलीने आदिशक्तीची उपासना मांडली तेव्हा घरात काय चर्चा झाल्या, भावंडांनी काय मानले, चर्चमध्ये काय बोलले गेले, याची कोणी निःपक्षपाती नोंद केली असती तर मराठी धर्मजीवनाचा एक अपूर्व दस्तऐवज आपल्या हाती आला असता.

निर्मलादेवींचे तारुण्य देशातल्या उलथापालथीत गेले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना कारावास घडला. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या लुधियाना आणि लाहोर येथे राहिल्या. फाळणीच्या वादळात ते शिक्षण अपुरे राहिले. ७ एप्रिल १९४७ रोजी त्यांचा विवाह चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव या तरुण प्रशासकाशी झाला. हे श्रीवास्तव पुढे लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांचे सहसचिव होते, भारतीय नौवहन महामंडळाचे प्रमुख होते, आणि १९७४ पासून १९८९ पर्यंत, सतत सोळा वर्षे, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे महासचिव म्हणून त्यांनी लंडनमध्ये काम केले. स्वीडनमधील माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठ त्यांच्याच कारकीर्दीत, १९८३ साली, स्थापन झाले. पतीच्या बदल्यांबरोबर बिऱ्हाड हलवणारी, सरकारी बंगल्यात पाहुण्यांची सरबराई करणारी, दोन मुलींना वाढवणारी, घर बांधताना गवंड्याजवळ उभी राहणारी अशी ही गृहिणी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणाचीही गुरू नव्हती.

मला त्यांच्या चरित्रातला हा भाग फार मोलाचा वाटतो. संन्यास, भगवी वस्त्रे, हिमालय, मठ आणि गादी ही आपल्याकडच्या गुरुपदाची सर्वमान्य लक्षणे. त्यांतले एकही येथे नाही. प्रपंचात राहून परमार्थ करावा हे वारकरी संप्रदायाने सातशे वर्षे सांगितले, जनाबाईने दळताकांडताना आणि बहिणाबाई शिऊरकरांनी संसाराचे चटके सोसताना ते आचरून दाखविले. परंतु त्या स्त्रियांना स्वतःच्या नावाने संप्रदाय काढण्याची मुभा काळाने दिली नाही. काठपदराची साडी नेसलेल्या आणि कपाळी ठसठशीत कुंकू लावलेल्या एका मध्यमवयीन मराठी बाईने लंडनच्या सभागृहात उभे राहून, शिक्षणाने आणि संपत्तीने तृप्त अशा समाजाच्या मुलांना, ‘बसा, हात पुढे करा’ असे आईच्या अधिकाराने सांगितले, आणि ती मुले बसली. निर्मलादेवींच्या शिकवणुकीतले काहीही न मानणाऱ्यानेही या घटनेचे सामाजिक मोल मान्य केले पाहिजे.

५ मे १९७० ही तारीख सहजयोगी आपल्या पंथाचा आरंभदिवस मानतात. स्थळ गुजरातच्या वलसाड जिल्ह्यातील नारगोळ, समुद्रकाठचे सुरूचे बन. रजनीशांचे ध्यानशिबिर त्याच दिवसांत त्याच गावी भरले होते, ही गोष्ट चरित्रकाराने नजरेआड करू नये. ज्या कुंडलिनीविषयी तेथे प्रवचने होत होती तीच कुंडलिनी सामूहिक रीतीने, कोणतीही खडतर साधना न करता जागृत करता येईल असा मार्ग आपल्याला त्या किनाऱ्यावर उलगडला, असे निर्मलादेवी पुढे सांगत. प्रारंभी मुंबईत मूठभर माणसे जमली. १९७४ मध्ये पतीच्या नेमणुकीमुळे त्या लंडनला गेल्या आणि तेथे सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात, अमली पदार्थांनी आणि निराशेने ग्रासलेल्या तरुणांपैकी अगदी थोड्यांना हाताशी धरून, त्यांना आपल्या घरी ठेवून, जेवू घालून त्यांनी कामाला आरंभ केला. त्यानंतर लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधील जाहीर सभा, युरोपातले दौरे, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आणि सोव्हिएत सत्तेच्या अखेरच्या काळात रशिया असा विस्तार होत गेला.

ही साधना बाहेरून पाहता इतकी घरगुती आहे, की प्रथम पाहणाऱ्यास तीत धर्मविधीचे काही लक्षण दिसू नये. साधक जमिनीवर किंवा खुर्चीवर बसतो, डावा हात मांडीवर उताणा ठेवतो, उजवा हात हृदयावर, पोटावर, मानेच्या बाजूस, कपाळावर आणि शेवटी टाळूवर असा क्रमाने नेतो, आणि मग तळहातावर व टाळूच्या वर गार झुळूक जाणवते काय ते पाहतो. या झुळुकीला ते चैतन्यलहरी म्हणतात. संध्याकाळी बादलीत किंवा घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाकायचे, समोर तसबीर आणि दिवा ठेवायचा, दोन्ही पावले त्या पाण्यात बुडवून दहा-पंधरा मिनिटे स्वस्थ बसायचे, आणि ते पाणी नंतर संडासात ओतून द्यायचे, हा त्यांच्यातला नित्यक्रम. दिवसभर उभ्याने काम केलेल्या माणसाचे पाय कोमट मीठपाण्यात घालणे ही आपल्या आज्यांची रीत. तीच येथे साधनेच्या दर्जाला पोचलेली दिसते. मुख्य म्हणजे आत्मसाक्षात्कारासाठी पैसा घ्यावयाचा नाही, हा नियम त्यांनी प्रारंभीच घातला. त्याच काळात पाश्चात्त्य देशांत मंत्रदीक्षेसाठी शुल्क घेणाऱ्या संस्था भरभराटीस आल्या होत्या, हे ध्यानी घेतले म्हणजे या नियमाची किंमत कळते. पूजा, प्रवास, शिबिरे आणि वास्तू यांना द्रव्य लागतेच, ते अनुयायांकडूनच जमा झाले आणि त्याच्या विनियोगाची छाननीही चरित्रकाराने करावी. परंतु मूळ शिकवण विकावयाची नाही ही भूमिका संतपरंपरेच्या मुलखातून आलेली आहे, याविषयी मला शंका वाटत नाही.

त्या परंपरेचे ऋण निर्मलादेवींनी उघडपणे मान्य केले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे जे विलक्षण वर्णन आहे त्याचा उल्लेख त्या वारंवार करीत. गीतेच्या त्या अध्यायात कुंडलिनीचे नाव नाही. ते ज्ञानदेवांनी नाथपंथातून, गहिनीनाथ आणि निवृत्तिनाथ यांच्या द्वारे आलेल्या विद्येतून, मराठी श्रोत्यांपुढे ठेवले. गुरुमुखाने एकाच शिष्यास द्यावयाची विद्या त्यांनी लोकांच्या भाषेत आणली आणि तिचा अधिकार विस्तृत केला. सातशे वर्षांनी एक मराठी बाई हीच विद्या एका सभागृहातील सर्वांना एकाच संध्याकाळी देऊ पाहते. हे देणे खरोखर घडते किंवा नाही, हा अनुभवाचा आणि परीक्षेचा प्रश्न असून वर्तमानपत्राच्या स्तंभात त्याचा निकाल लागावयाचा नाही. पण या दोन टोकांना जोडणारा धागा मराठी आहे, आणि तो उलगडून दाखविण्याचे काम मराठी अभ्यासकांखेरीज दुसरे कोण करणार?

परदेशातून उलट्या दिशेने जो ओघ आला त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. ऐंशीच्या दशकात दर हिवाळ्यात पाश्चात्त्य सहजयोग्यांच्या तुकड्या बसगाड्यांतून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत हिंडत; राहुरीकडे, नाशिककडे, सांगलीकडे मुक्काम होत; तंबूत झोपणे, नदीवर अंघोळ, पंगतीत वरणभात असा त्यांचा क्रम असे. कोकणातील गणपतीपुळ्याला डिसेंबरात मोठा मेळावा भरे, रात्र रात्र शास्त्रीय संगीत चाले, आणि देशोदेशीचे वधूवर तेथे हळद लावून, मुंडावळ्या बांधून विवाहबद्ध होत. एकनाथांचा जोगवा तर या पंथाचे जणू सामुदायिक गीतच होऊन बसला. मराठीचे एक वाक्यही न बोलू शकणारी इटालियन आणि रशियन माणसे तो तोंडपाठ म्हणतात. संगीताविषयीच्या या आस्थेतूनच वडिलांच्या नावाने पी. के. साळवे कला प्रतिष्ठान वैतरणा येथे उभे राहिले. बेलापूर येथे आरोग्यकेंद्र, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात निराधार स्त्रियांसाठी आश्रम आणि इटलीत काबेला लिगुरे या डोंगरी गावी आंतरराष्ट्रीय पूजास्थान निघाले. एकनाथांची रचना त्या डोंगरातल्या गावात गायिली जाते, हे पैठणला आणि मराठीच्या प्राध्यापकांना कळावे, इतके तरी महत्त्व या घटनेला आहे.

आता आक्षेपांविषयी. ते आहेत, गंभीर आहेत, आणि भक्तांनी ते ऐकून घेतले पाहिजेत. १९७९ च्या डिसेंबरात लंडनच्या सभेत निर्मलादेवींनी आपण स्वतः आदिशक्ती असल्याचे जाहीर केले. त्या दिवसापासून शिकवण आणि शिकविणारी यांच्यातले अंतर मिटले आणि प्रश्न विचारणे कठीण झाले. दुर्धर रोग बरे झाल्याचे दावे अनुयायांकडून होत राहिले. याबाबतीत मला कोणतीही संदिग्धता ठेवावयाची नाही: ध्यानाने मनास शांती मिळत असेल, रक्तदाब उतरत असेल, त्याचे स्वागत आहे, पण कर्करोगाच्या, मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या रोग्याने डॉक्टरांची औषधयोजना एक दिवसही सोडू नये, आणि तसे सुचविणारा सल्ला कोणत्याही पंथातून आला तरी तो अपायकारकच समजावा. पाश्चात्त्य पालकांनी आपली कोवळी मुले हिमाचलात धर्मशाळेजवळच्या पंथाच्या निवासी शाळेत पाठविली, त्यावरून घटस्फोटित आईबापांत कज्जे झाले. युरोपात, विशेषतः बेल्जियममध्ये, नव्या पंथांची सरकारी पातळीवर चौकशी झाली तेव्हा सहजयोगाचे नावही चर्चेत आले. पंथ सोडून गेलेल्या काहींनी विवाह जुळवण्याच्या पद्धतीविषयी आणि अंतर्गत दडपणाविषयी कटू अनुभव सांगितले. सहा-सात वर्षांच्या मुलाला आईपासून हजारो कोस दूर ठेवण्याचे समर्थन मी तरी करू शकत नाही. ज्यांना त्या शाळेने चांगले दिवस दिले असे वाटते, त्यांची साक्षही भावी चरित्रात, त्याच पानावर आली पाहिजे.

मी हे जेथून लिहितो ते भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत आहे. बंगाल, आंध्र, पंजाब, उत्तर प्रदेश, वऱ्हाड, झाडीपट्टी अशा सर्व दिशांनी येथे माणसे नोकरीनिमित्त आली आणि प्रत्येकाने आपापला गुरू, आपापली तसबीर क्वार्टरच्या भिंतीवर आणली. २४ जानेवारी २०२५ रोजी निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. अशा प्रसंगी घरातल्या माणसांना कोठून आधार मिळतो, याचा विचार ज्याने जवळून केला आहे त्याला गुरू आणि संप्रदाय यांची सरसकट टवाळी करवत नाही. आणि त्याच कारणाने, शोकात बुडालेला माणूस ज्याच्यावर संपूर्ण विश्वास टाकतो त्या व्यक्तीचे जीवन खरे कसे होते हे जाणण्याचा त्याचा हक्कही डावलता येत नाही. श्रद्धाळू माणसाला सत्य सोसत नाही असे समजून त्याला चमत्कारांची पोथी द्यावयाची, हा त्याच्या बुद्धीचा अपमान आहे. त्याचप्रमाणे, श्रद्धेचा विषय म्हणजे फसवणुकीचा विषय असे गृहीत धरून चार कात्रणांवर लेख लिहावयाचा, हा पत्रकारितेचा अपमान आहे.

या बाबतीत आदर्श शोधण्यासाठी आपल्याला दूर जावयाचे कारण नाही. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचा मान आहे ते लीळाचरित्र हे एका अध्यात्मगुरूचे चरित्रच आहे, आणि ते विदर्भात, रिद्धपूरला, सिद्ध झाले. त्याचे नायक श्रीचक्रधर हे स्वतः भडोचकडून आलेले गुजराती. परमुलखात येऊन, परभाषा आपलीशी करून, तिच्यात संप्रदाय स्थापन करणारे. निर्मलादेवींनी छिंदवाड्याहून लंडनला जाऊन जे केले त्याचा हा सातशे वर्षांपूर्वीचा नमुना होय. चक्रधरांच्या पश्चात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभट नावाच्या पंडिताने नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली ज्या ज्या शिष्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन आठवणी मिळविल्या. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणावर रागावले, कोणत्या गावी कोणते उत्तर दिले, हे सारे त्याने टिपले. आठवणींत भिन्नता आढळली तेथे एकीस खरे मानून दुसरी पुसून टाकण्याऐवजी, अमक्याची साक्ष अशी आणि अमक्याची तशी, अशा नोंदी त्या परंपरेने जतन केल्या. ज्या निळभट भांडारेकारांनी चक्रधरांना आपले जीवन वाहिले, त्यांच्या नावातच आमचा भंडारा आहे. त्या ग्रंथातले स्वामी ईश्वरावतार म्हणून पूजिले जातात, आणि तरीही त्यांची भूक, त्यांचे दुखणे, त्यांचा विनोद आणि त्यांचे कठोर शब्द त्यात आहेत. भक्ताने लिहिलेले चरित्र इतके प्रामाणिक असू शकते, हे मराठीने जगाला दाखवून दिलेले आहे.

निर्मलादेवींना प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आज साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. सत्तरीच्या दशकात मुंबईच्या पहिल्या सभांना बसलेले, ऐंशीच्या दशकातल्या दौऱ्यांत परदेशी पाहुण्यांना आपल्या ओसरीवर उतरवून घेतलेले राहुरी-सांगलीकडचे शेतकरी, गणपतीपुळ्याच्या मंडपात स्वयंपाक केलेल्या बाया, छिंदवाड्यात आणि नागपुरात साळवे कुटुंबाशी घरोबा असलेले वृद्ध, पंथ सोडून गेलेले, आणि त्या पंथात सुखाने आयुष्य घालवलेले, या सर्वांच्या साक्षी येत्या दहा वर्षांत घेतल्या गेल्या नाहीत तर पुन्हा कधीच मिळणार नाहीत. निर्मलादेवींची भाषणे ध्वनिफितींवर आणि चित्रफितींवर विपुल आहेत, त्यांपैकी कितीतरी मराठीत आहेत. परंतु भाषणांचा संग्रह म्हणजे चरित्र नव्हे, त्याला सरकारी दप्तर, न्यायालयीन निवाडे, कुटुंबाचा पत्रव्यवहार आणि तटस्थ साक्ष यांची जोड लागते.

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आता अस्तित्वात आले आहे, आणि नागपूरचा विदर्भ साहित्य संघ हा निर्मलादेवींच्याच जन्मवर्षी, १९२३ साली, स्थापन झालेला आहे. या दोन संस्थांनी मिळून जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातून परदेशी गेलेल्या अध्यात्मगुरूंच्या चरित्रसाधनांचे संकलन हाती घ्यावे, आणि आरंभ पुरोहित स्वामी व निर्मलादेवी या दोघांपासून करावा, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. सहजयोगाच्या विश्वस्तांनी आपली कागदपत्रे आणि जुन्या चित्रफिती अभ्यासकांना अटी न घालता खुल्या कराव्यात. आणि ज्या वाचकांच्या घरी त्या हिवाळी दौऱ्यांची छायाचित्रे, वह्या, परदेशातून आलेली पत्रे पडून असतील, त्यांनी ती रद्दीत जाऊ देऊ नयेत; पाठीमागे तारीख, गाव आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत.